सुई, आकडे आणि भूप

जुलै २०२२मध्ये अमेरिकेतल्या फीनिक्स शहरातल्या एका रेकॉर्ड-दुकानदारानं यूट्यूबवर एक व्हिडिओ टाकला आणि ऑडिओफाइल मंडळींची झोप उडाली. 'मोबाइल फिडेलिटी' ही कंपनी जुने अल्बम मूळ मास्टर टेपवरून नव्यानं छापते आणि अतिशय महाग विकते. एकेक एलपी शंभर-सव्वाशे डॉलरपर्यंत. गिऱ्हाइकांची समजूत अशी, की टेपपासून तबकडीपर्यंत वाटेत कुठेही डिजिटलचा विटाळ झालेला नाही. दुकानदाराचा दावा होता, की झालेला आहे: कंपनी मूळ टेप आधी डीएसडी या डिजिटल स्वरूपात उतरवून घेते आणि त्यावरून तबकडी कापते. काही दिवसांतच कंपनीच्या इंजिनिअरांनी हे मान्य केलं. हा प्रकार २०११पासून चालू होता. प्रकरण कोर्टात गेलं आणि २०२३मध्ये अडीच कोटी डॉलरच्या तडजोडीवर मिटलं.

फसवणूक ती फसवणूकच. गिऱ्हाइकांना पैसे परत मिळायला हवेत याबद्दल माझं दुमत नाही. पण मला त्यातली वेगळीच गोष्ट महत्त्वाची वाटते. मधली ११ वर्षं याच एलपी 'अ‍ॅनालॉग म्हणजे काय ते ऐका' म्हणून एकमेकांना ऐकवल्या जात होत्या. ज्यांच्या स्पीकरच्या किमतीत आमच्याकडे वन-बीएचके येईल अशा लोकांच्या खोल्यांमध्ये त्या वाजत होत्या. चोरी पकडली गेली ती मात्र आतल्या खबरीमुळे. कुणाच्याही कानानं ती पकडली नाही.

असं घडण्याची ही पहिली वेळ नव्हती. 'लिन' या स्कॉटिश कंपनीचा संस्थापक आयव्हर टीफेनब्रुन हा डिजिटलचा कट्टर विरोधक. त्याचा 'सॉन्डेक एलपी१२' हा टर्नटेबल आजही हाय-एंड जगातलं दैवत आहे. १९८४मध्ये त्याची एक चाचणी घेतली गेली. टर्नटेबलवरून येणारा सिग्नल कधी थेट अ‍ॅम्प्लिफायरला जायचा, तर कधी मध्ये सोनीच्या 'पीसीएम-एफ१'मधून. म्हणजे आधी आकड्यांत रूपांतर, मग आकड्यांतून पुन्हा आवाज. आता मध्ये डिजिटल आहे की नाही हे त्यानं फक्त ऐकून सांगायचं होतं. त्याला ते सांगता आलं नाही. पुढे २००७मध्ये मेयर आणि मोरन यांनी ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीच्या जर्नलमध्ये याच धर्तीचा मोठा प्रयोग प्रसिद्ध केला. उच्च दर्जाच्या एसएसीडीच्या वाटेत त्यांनी साध्या सीडीच्या दर्जाचा टप्पा घुसवला होता. एकूण ५५४ वेळा विचारलं, २७६ उत्तरं बरोबर आली. नाणं उडवलं असतं तरी एवढीच आली असती.

इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला सिग्नल प्रोसेसिंग शिकलेल्या माणसाला यात नवल वाटत नाही. तरी 'डिजिटल म्हणजे आवाजाचे तुकडे, अ‍ॅनालॉग म्हणजे अखंड प्रवाह' हे वाक्य मी इतक्या शहाण्या माणसांच्या तोंडून ऐकलं आहे, की दोन परिच्छेद त्यावर खर्च करतो. पायऱ्या-पायऱ्यांचं ते चित्र आठवा: गुळगुळीत लाट, आणि तिच्यावर डिजिटलचा जिना. हे चित्र चूक आहे. नायक्विस्ट आणि शॅनन यांच्या नावानं ओळखला जाणारा सिद्धान्त सांगतो, की सिग्नलमधली सर्वोच्च कंपनसंख्या ठराविक मर्यादेच्या आत असेल, तर तिच्या दुपटीहून जास्त वेगानं घेतलेल्या नमुन्यांतून मूळ लाट जशीच्या तशी परत उभी करता येते. 'बऱ्यापैकी जवळची' नव्हे, तीच. सीडीवर सेकंदाला ४४,१०० नमुने असतात, म्हणजे २० किलोहर्ट्झच्या वरपर्यंत सोय झाली. माझ्या वयाला १७-१८च्या पुढे ऐकू येत असेल तर नशीब. डॅकमधून बाहेर पडणाऱ्या सिग्नलमध्ये जिना नसतोच. १६ बिट्समुळे जी चूक उरते ती सुमारे ९६ डेसिबल खाली, अगदी बारीक सुसकाऱ्याच्या रूपात असते.

आणि अखंड प्रवाहाचं म्हणाल, तर एलपीच्या खाचेत मूळ लाट कधीच नसते. खर्जाच्या मोठ्या लाटा खाचेत मावत नाहीत म्हणून कापताना त्या दाबतात, तारस्वर खरखरीत बुडू नयेत म्हणून फुगवतात. वाजवताना फोनो प्रीअँप हे सगळं उलटं करतो. दोन्ही टोकांना हा फेरफार २० डेसिबलच्या आसपास असतो. खाचेत बसतो तो एक संकेत, आणि किल्ली असल्याशिवाय तो उलगडत नाही. सत्तरीच्या अखेरीपासून तर कित्येक तबकड्या कापतानाच सिग्नल डिजिटल डिले यंत्रातून जायचा. पुढे किती मोठा आवाज येणार आहे हे कापणाऱ्या यंत्राला आधी कळावं लागतं, त्यासाठी.

इथपर्यंत वाचून मी एलपीविरोधी वाटेन. तसं नाही. आता पुण्यातल्या एका खोलीत जाऊ.

माझे एक परिचित आहेत. निवृत्त, साठीच्या पुढचे. मी त्यांना काका म्हणतो. आयुष्यभर त्यांनी दोनच शौक केले, गाणं आणि गाणं वाजवायची यंत्रं. त्यांचा टर्नटेबल, टोनआर्म आणि काट्रिज मिळून पाच लाखांच्या वर जातात. व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प्लिफायर आणि स्पीकर वेगळे. खोलीच्या भिंतींना पुस्तकांची कपाटं आहेत, तीच त्यांची ध्वनिशोषक व्यवस्था. (माझ्या मते या खोलीतला सर्वात मोठा फरक या कपाटांनीच पडतो, पण कपाटांबद्दल कोणी मासिकं काढत नाही.) तिथे मी पहिल्यांदा किशोरीताईंची ती प्रसिद्ध एलपी नीट ऐकली. एका बाजूला भूप, दुसऱ्या बाजूला बागेश्री.

भूप काय आहे हे या वाचकवर्गाला मी सांगायला नको. मी तो आधी फोनवर, बसमध्ये, कोड कंपाइल होत असताना असा शंभरदा ऐकला होता. काकांच्या खोलीत पहिली पाच मिनिटं मी गप्प झालो. आवाज समोर, जमिनीपासून माणसाच्या उंचीवर, आणि भोवती तानपुरा. विलंबितातल्या त्या दोन स्वरांमधल्या शांत जागा ऐकू येणं म्हणजे काय, हे तिथे कळलं. गंधारावर त्या येतात तेव्हा तो आधीच तिथे होता, आपल्याला आत्ता दिसला इतकंच, असं वाटतं. पाच स्वरांच्या रागात इतका अवकाश कुठून आणला असेल?

आणि मग एक गोष्ट खटकायला लागली. तानपुरा हलत होता. षड्ज किंचित वर जायचा, किंचित खाली यायचा, पुन्हा वर. मी घड्याळ लावलं. एक हेलकावा १.८ सेकंदांचा. मिनिटाला ३३⅓ फेरे, म्हणजे एका फेऱ्याला नेमके १.८ सेकंद.

"तो रेकॉर्डचा श्वास आहे रे," काका म्हणाले. "तुमच्या त्या फायलींना श्वास नसतो."

वाक्य सुंदर आहे. पण कारण असं, की तबकडीचं भोक बरोबर मध्यावर नाही. ते अर्धा मिलिमीटर जरी बाजूला असेल, तर केंद्रापासून १० सेंटिमीटरवरच्या खाचेत वेग अर्ध्या टक्क्यानं कमी-जास्त होत राहतो. संगीताच्या भाषेत, शंभर सेंट्सचं एक अर्धस्वरांतर धरलं तर हा फरक वर नऊ आणि खाली नऊ सेंट्स, एकूण साधारण १७. तबकडी संपता संपता सुई ६ सेंटिमीटरवर येते तेव्हा तो २९च्या घरात जातो. आपल्याकडे जिला प्रमाणश्रुती म्हणतात ती २२ सेंट्सची. म्हणजे ज्या गायिकेनं श्रुतींच्या नेमकेपणासाठी आयुष्य घातलं, तिचा षड्ज दर १.८ सेकंदाला जवळपास एका श्रुतीच्या पट्ट्यात झोके घेतोय, आणि आपण त्याला ऊब म्हणतोय!

पाच लाखांच्या टर्नटेबलला यात काही करता येत नाही, कारण दोष तबकडीत आहे. नाकामिची कंपनीनं ऐंशीच्या दशकात एक अवाढव्य टर्नटेबल काढला होता, तो तबकडी ठेवल्यावर तिचं खरं केंद्र स्वतः शोधून तिला सरकवायचा. तो प्रयोग रुजला नाही. मला वाटतं, पाश्चात्त्यांना त्याची निकड आपल्याइतकी नसावी. ड्रमसेट आणि इलेक्ट्रिक गिटार यांत नऊ सेंट्स खपून जातात. पियानोच्या लांबलेल्या सुरांत ते ऐकू येतात. तानपुऱ्यात मात्र लपायला जागाच नाही. अखंड षड्जाचं संगीत हे एलपीची सगळ्यात कठोर परीक्षा घेणारं संगीत आहे, आणि हाय-एंडची जवळपास सगळी परीक्षणं जॅझ आणि रॉकवर लिहिली जातात.

तर मग मला काकांच्या खोलीत गप्प कशानं केलं? हे तपासायला मी पुढच्या आठवड्यात पंधरा हजारांचा एक ऑडिओ इंटरफेस घेऊन गेलो आणि टीफेनब्रुनची चाचणी घरगुती पातळीवर केली. फोनो प्रीअँपमधून निघालेला सिग्नल एका वाटेनं थेट, दुसऱ्या वाटेनं सीडीच्या दर्जाच्या डिजिटलमधून. दोन्हींची पातळी मीटर लावून ०.१ डेसिबलच्या आत जुळवली. हे महत्त्वाचं, कारण अर्धा-एक डेसिबलचा फरक आपल्याला 'मोठं' म्हणून कळत नाही, 'चांगलं' म्हणून कळतो. आम्हाला दिसणार नाही असं मागे बसून काकूंनी खटका फिरवायचा आणि वहीत नोंद करायची. काकूंनी हे काम विलक्षण आनंदानं केलं. काकांची बरोबर आणि चूक उत्तरं जवळपास सारखीच निघाली. माझीही तशीच. तानपुरा दोन्ही वाटांनी सारखाच हलत होता, खरखर तीच, ऊबही तीच.

"म्हणजे माझे पैसे पाण्यात गेले म्हण की," काका म्हणाले.

अजिबात नाही. दोन्ही वेळेला आम्ही त्यांचेच काट्रिज, त्यांचेच स्पीकर, त्यांचीच पुस्तकांची कपाटं ऐकत होतो. एलपीची म्हणून जी ऊब आहे, ती काट्रिजच्या, खाचेच्या आणि व्हॉल्व्हच्या बारीक विकृतींतून येते. ती कानाला गोड लागते हे खरं आहे, आणि गोड लागण्यात लाजण्यासारखं काही नाही. पण डिजिटल ती ऊब मारत नाही. दिली तर जशीच्या तशी वाहून नेतं. उलट दिशेनं हे जमत नाही. डिजिटल रेकॉर्डिंगमधला निश्चल षड्ज त्या भोकवाकड्या तबकडीवर छापला, तर तो हलणारच.

माझ्या मते खरा फरक माध्यमात नाहीच, तो मास्टरमध्ये आहे. डायर स्ट्रेट्सचा 'ब्रदर्स इन आर्म्स' (१९८५) डिजिटलवर रेकॉर्ड झालेला. त्याच्या एलपीत मावावीत म्हणून काही गाणी छोटी केली होती, सीडीवर ती पूर्ण आहेत. मेटॅलिकाचा 'डेथ मॅग्नेटिक' (२००८) सीडीवर इतका दाबून मोठा केला, की लाटांची टोकं कापली गेली. चाहत्यांच्या लक्षात आलं, की 'गिटार हीरो' या व्हिडिओ गेममध्ये तीच गाणी जास्त चांगली ऐकू येतात. अशी सीडी आणि नीट कापलेली एलपी शेजारी ठेवून कोणी म्हणालं 'एलपी भारी', तर त्याचे कान बरोबर आहेत, निष्कर्ष चुकला आहे. सगळ्यात बोलकं उदाहरण माइल्स डेव्हिसच्या 'काइंड ऑफ ब्लू'चं. १९५९मध्ये पहिल्या सत्राच्या वेळी मुख्य टेप यंत्र किंचित हळू चाललं होतं. त्यामुळे त्या सत्रातली तीन गाणी, म्हणजे एलपीची पूर्ण पहिली बाजू, तेहेतीस वर्षं किंचित वरच्या पट्टीत वाजत राहिली. दुसऱ्या यंत्रावरची टेप योग्य वेगाची होती. ती वापरून १९९२मध्ये ही चूक दुरुस्त झाली. आता 'ओरिजिनल प्रेसिंग' हजारो डॉलरला विकत घेणाऱ्यानं मूळ काय विकत घेतलं? मूळ तबकडी की मूळ गाणं? दोन्ही उत्तरं देता येतील, पण प्रश्न तरी हा आहे हे मान्य करायला हवं.

हा प्रश्न आपल्याकडे जास्त जिव्हाळ्याचा आहे, कारण आपल्याकडे 'डेथ मॅग्नेटिक'च्या उलटा अत्याचार होतो. नाव घेत नाही, पण एका मोठ्या गवयाची साठच्या दशकातली एलपी आणि तिचीच स्ट्रीमिंगवरची प्रत मी पाठोपाठ ऐकली. जुन्या टेपचा सुसकारा काढण्यासाठी तिच्यावर सॉफ्टवेअर चालवलं होतं. हे सॉफ्टवेअर कसं चालतं? जो आवाज अखंड आहे, बदलत नाही, बारीक आहे आणि वरच्या कंपनसंख्यांमध्ये पसरलेला आहे, तो नको असलेला आवाज, असं ते धरून चालतं. आता तानपुऱ्याच्या जवारीचं वर्णन करा बरं. अखंड, बारीक, वर पसरलेली! प्रोग्रामनं आपलं काम चोख केलं होतं: सुसकाऱ्यासकट जवारी गेली होती, आणि गवय्याच्या मागे तानपुऱ्याऐवजी फ्रीजची मोटर लावल्यासारखं काहीतरी घुमत होतं. गाण्यातला श्वास आणि शेवटाकडे हवेत विरणारा स्वरही बोथट. ही फाइल काकांच्या सिस्टिमवर लावली तर काका 'बघ, डिजिटल!' म्हणणार, आणि त्यांना दोष देता येणार नाही. पण मारेकरी १६ बिट्स नाहीत. ज्यानं ते बटण दाबलं आणि मग स्वतः ऐकलं नाही, तो माणूस मारेकरी आहे. सॉफ्टवेअरवाल्यांना हा माणूस परिचित आहे. टेस्ट न करता रिलीज करणारा.

एलपीचं खरं ऋण मात्र मी वेगळ्याच जागी मानतो. ७८च्या तबकड्यांवर तीन-साडेतीन मिनिटांत राग उभा करावा लागे. एलपी आली आणि एका बाजूला वीस-पंचवीस मिनिटं मिळाली. मैफलीतला तासाभराचा ख्याल त्यात मावत नव्हताच. तेव्हा या लांबीचा एक वेगळाच ख्याल घडवावा लागला. किशोरीताईंचा भूप हा असा घडवलेला ख्याल आहे. विलंबितात एकही फेरी वाया जात नाही, आणि 'सहेला रे'पर्यंत पोचतो तेव्हा आपण थकलेलो नसतो, तयार असतो. त्यांच्या मैफलींची लांबलचक रेकॉर्डिंग्ज आज सहज मिळतात, त्यांत कदाचित याहून धाडसी जागा आहेत. पण इतकी बांधीव नाहीत. डिजिटलनं वेळेची भिंत पाडली आणि त्या मोकळ्या मैदानात आपल्या बहुतेक गायकांनी नुसताच पसारा मांडला, असं मला वाटतं. हे मत अनेकांना पटणार नाही.

विचित्र गोष्ट अशी, की ज्या माध्यमानं हा आकार दिला, त्याचीच भूमिती ख्यालाच्या विरोधात आहे. बाहेरच्या कडेला सुईखालून खाच सेकंदाला ५१ सेंटिमीटर वेगानं जाते, आतल्या कडेला जेमतेम २१. म्हणजे तेवढीच माहिती निम्म्याहून कमी जागेत कोंबायची. तारस्वर आणि दाणेदार ताना तिथेच फाटतात. आणि ख्याल कुठे चढतो? शेवटी. द्रुत, ताना, तारषड्ज, सगळं तबकडीच्या सगळ्यात वाईट जागेत. सुरुवातीचे संथ आलाप मात्र प्रशस्त बाहेरच्या खाचांमध्ये आरामात पहुडलेले. रावेलच्या 'बोलेरो'ची हीच अडचण होती. तो तर शेवटपर्यंत नुसता चढतच जातो. 'टासेट' या जर्मन कंपनीनं त्यावर उपाय म्हणून आतून बाहेर वाजणारी तबकडी काढली. भूपाची अशी तबकडी कोणी काढली, तर मी टर्नटेबल घेईन. तोवर द्रुतासाठी मला मूळ टेपवरून, कुठलंही सफाईचं बटण न दाबता केलेली साधी डिजिटल फाइल हवी आहे.

पण ती फाइल कशावरून केली, हे मला कोण सांगणार? मास्टर टेपवरून, एलपीवरून, की कुणाच्या घरच्या कॅसेटवरून? ७८च्या तबकड्यांचं तर आणखी अवघड. त्या काळी सगळ्या तबकड्या खरोखर ७८च्या वेगानं रेकॉर्ड होत नसत. वेग चुकला तर काळी चारची गायिका सफेद पाचमध्ये गाते आणि आवाजाचा पोतही बदलतो. इंटरनेटवर एकाच तबकडीच्या दोन वेगळ्या पट्ट्यांतल्या प्रती सुखानं नांदतात.

केसरबाई केरकरांची भैरवी १९७७मध्ये व्हॉयेजर यानांबरोबर अवकाशात गेली. ती तबकडीही अ‍ॅनालॉगच आहे, सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची, मिनिटाला १६⅔ फेऱ्यांची. सोबत काट्रिज आणि सुई ठेवलेली आहे. झाकणावर ती कशी वाजवायची याची आकृती कोरलेली आहे, आणि एका फेऱ्याला ३.६ सेकंद लागले पाहिजेत हे हायड्रोजनच्या अणूतल्या एका घडामोडीच्या हिशेबात लिहिलेलं आहे, कारण परग्रहावर सेकंद कुणाला कळणार. माझ्या फोनवरच्या ॲपमध्ये केसरबाईंच्या तबकडीचं पान उघडलं, तर वेग नाही, स्रोत नाही, साथीदारांची नावं नाहीत. सालाच्या जागी फाइल चढवल्याचं साल आहे.